ग्रेड तीन, स्टेज दोन: एका फाइलची उकल

बाई ५८ वर्षांच्या, गणित शिकवून निवृत्त झालेल्या. नाव द्यायचं नाही म्हणून इथे त्यांना बाईच म्हणते. ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत. मी कॅन्सर विभागात समुपदेशक आहे. औषधं डॉक्टर ठरवतात. ते बोलून गेल्यावर घरच्यांच्या हातात जी फाइल उरते, ती त्यांच्याबरोबर बसून वाचायची, हे माझं काम.

डाव्या स्तनात गाठ लागली, मॅमोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. पहिल्यांदा माझ्याकडे आले ते मुलगी आणि जावई. बाईंना "गाठ आहे, काढून टाकायची आहे" एवढंच सांगितलेलं.

"आईला अजून काही बोललो नाही, ताई," मुलगी म्हणाली. "चौथी स्टेज आहे. कसं सांगायचं तिला?"

चौथी स्टेज कोणी सांगितली, असं विचारलं, तर कोणीच सांगितलेली नव्हती. "रिपोर्टातच आहे की," असं म्हणत जावयाने फाइल उघडली. मॅमोग्राफीच्या कागदावर 'बायरॅड्स ४सी'. बायोप्सीच्या कागदावर 'ग्रेड ३'. त्याच कागदाच्या तळाशी 'हर-टू २+'. तिन्हींखाली लाल पेनने रेघ. जावयाने सर्वांत मोठा आकडा खरा धरला होता. मुलगी मात्र आशेवर होती: आधी चार होतं, मग तीन झालं, आता दोनवर आलंय, म्हणजे उतरतंय का? उपचार सुरूच झाले नव्हते, हे तिलाही माहीत होतं. पण आकडे एका ओळीत दिसले की मन त्यांचा जिना बनवतं.

तीन आकडे, तीन मोजपट्ट्या

बायरॅड्स हा रेडिओलॉजिस्टचा आकडा. शून्य ते सहा अशी ही पट्टी असते आणि मॅमोग्राफीत किंवा सोनोग्राफीत दिसलेली गोष्ट कॅन्सर असण्याची शंका किती, एवढंच ती सांगते. ४सी म्हणजे शंका ५० टक्क्यांच्या वर, ९५ च्या आत; सुई घालून तपासा, असा त्याचा अर्थ. सुई घातली, निदान झालं, की या आकड्याचं काम संपलं. रोग किती पसरला याच्याशी त्याचा काही संबंध नाही. फाइलमधला सर्वांत भीतिदायक आकडा तोपर्यंत शिळा झालेला होता.

ग्रेड हा पॅथॉलॉजिस्टचा आकडा. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसतात कशा, याचा. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तीन गोष्टींना प्रत्येकी एक ते तीन गुण देतात: पेशी अजून नळीसारखी रचना करतात का, त्यांची केंद्रकं किती वेडीवाकडी आहेत आणि किती पेशी विभाजनाच्या मध्यात सापडल्या. बेरीज तीन ते पाच आली तर ग्रेड १, सहा-सातला ग्रेड २, आठ-नऊला ग्रेड ३. बाईंच्या रिपोर्टात ही बेरीज छापलेलीच होती: ३ अधिक ३ अधिक २, एकूण ८. ग्रेड ३ म्हणजे पेशी मूळ पेशींपासून बऱ्याच बिघडलेल्या आणि जोमाने वाढणाऱ्या. ही काळजीची गोष्ट आहे, ती गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. पण ग्रेड ३ ची गाठ अगदी लहान, एकाच जागी असू शकते आणि ग्रेड १ चा कॅन्सर हाडांपर्यंत गेलेला असू शकतो. ग्रेड हा स्वभाव, स्टेज म्हणजे पसारा.

आणि हर-टू २+? तो तर निकालच नव्हता. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन. रंग देऊन तपासलं की शून्य किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह आणि २+ म्हणजे सांगता येत नाही. मग फिश नावाची जनुकाची चाचणी करतात. ती पाठवलेली होती, उत्तर यायचं होतं. रिपोर्टात 'इक्विव्होकल' असा शब्द होता. जावयाने तो फोनवर भाषांतरित केला तेव्हा 'संदिग्ध' असं आलं आणि घरात चर्चा झाली की डॉक्टरांना निदानाचीच खात्री नाही.

आता यात दोष कोणाचा? रिपोर्ट एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेला असतो. पूर्वी तो बंद पाकिटातून जायचा. आता तो रात्री फोनवर येतो आणि डॉक्टर भेटतात नंतर कधीतरी. "रिपोर्ट वाचत बसू नका" हा सल्ला मला पटत नाही, कारण लोक वाचणारच. स्वतःच्या शरीराबद्दलचा कागद कोण उघडणार नाही? त्यापेक्षा कसा वाचायचा ते सांगावं.

मी त्या दोघांना एकच गोष्ट करायला सांगितली. कोरी वही घ्यायची. रिपोर्टातला प्रत्येक अडलेला शब्द डावीकडे लिहायचा आणि उजवीकडे त्याचा अर्थ न लिहिता तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते लिहायचं. कॅन्सर कुठून सुरू झाला? पेशी दिसतात कशा? किती दूर गेला? कशाच्या जोरावर वाढतो? काढताना मागे राहिला का? शब्दकोशातले अर्थ शोधले तर एकेक शब्द कळतो, पण भीती जात नाही, कारण ती बहुतेक वेळा एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवल्यामुळे आलेली असते. चौथ्या स्टेजचा हा सगळा घोळ त्यातलाच होता.

"टक्के कशाचे?"

पुढच्या भेटीला बाई स्वतः आल्या. घरातलं कुजबुजणं त्यांच्या केव्हाच लक्षात आलं होतं. दवाखान्याच्या फॉर्मवर विभागाचं नाव वाचलं आणि संध्याकाळी मुलीला समोर बसवून फाइल मागून घेतली. वही पाहून म्हणाल्या, "हे बरं केलंत. पण यात माझा प्रश्नच नाही."

त्यांचा प्रश्न होता ९० चा. रिपोर्टात लिहिलं होतं: ईआर पॉझिटिव्ह, ९० टक्के. पीआर पॉझिटिव्ह, ६० टक्के. केआय-६७, ३० टक्के. जावयाने मनातल्या मनात लावलेला अर्थ असा होता की शरीरात ९० टक्के कॅन्सर आहे. हा समज मी पुष्कळ घरांत पाहिला आहे, शिकल्यासवरल्या लोकांतही. बाईंना तो पटला नव्हता. त्यांचं म्हणणं साधं होतं: टक्के म्हटले की कशाचे ते आधी सांगा. छेदात काय आहे?

छेदात असतात तपासलेल्या तुकड्यातल्या कॅन्सरच्या पेशी. त्यातल्या ९० टक्के पेशींच्या केंद्रकात ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन या संप्रेरकाला पकडणारं प्रथिन (रिसेप्टर), सापडलं, असं ते वाक्य आहे. म्हणजे या पेशी इस्ट्रोजेनच्या जोरावर वाढतात आणि ते तोडलं तर त्यांची वाढ रोखता येते. त्यासाठी गोळ्या आहेत. इथे आकडा जितका मोठा, तितकी गोळीने फायदा होण्याची आशा जास्त. एक टक्का पेशींत सापडला तरी पॉझिटिव्ह धरतात. एक ते दहा टक्क्यांना आता 'लो पॉझिटिव्ह' म्हणतात. पीआरचे ६० टक्के याच जातीचे, फक्त प्रोजेस्टेरॉनचे. केआय-६७ चे ३० टक्के मात्र वेगळं बोलतात: शंभरातल्या तीसएक पेशी वाढीच्या चक्रात आहेत. तिथे मोठा आकडा चांगला नसतो. एकाच कागदावर, एकाखाली एक, दोन टक्केवाऱ्या उलट्या दिशांनी वाचायच्या.

पॉझिटिव्ह-निगेटिव्हचं तेच. ईआर पॉझिटिव्ह ही त्यातल्या त्यात बरी बातमी. लसिकाग्रंथी पॉझिटिव्ह, ही नको असलेली. कडा, म्हणजे काढलेल्या तुकड्याचा काठ, निगेटिव्ह, उत्तम. आणि ईआर, पीआर, हर-टू ही तिन्ही निगेटिव्ह असली तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. ऐकायला तीनदा सुटका झाल्यासारखं वाटतं, पण त्यात गोळ्यांचा आणि हर-टूविरुद्धच्या औषधांचा, दोन्ही रस्ते बंद असतात. बाईंनी वहीत लिहिलं: 'पॉझिटिव्ह = सापडलं. काय सापडलं ते बघणे.' माझ्या इतक्या वर्षांच्या बोलण्यापेक्षा ते नेमकं आहे.

फिशचा निकाल आला: 'नॉट अॅम्प्लिफाइड'. म्हणजे हर-टू निगेटिव्ह. बाईंनी २+ वर काट मारून समोर '–' असं लिहिलं.

चौदा गाठी

स्तन राखून शस्त्रक्रिया झाली. काखेतल्या ग्रंथीही काढल्या. सर्जनने बाहेर येऊन घाईत सांगितलं, "गाठ पूर्ण निघाली. चौदा गाठी काढल्या, दोनमध्ये आहे."

मुलीचा फोन आला तेव्हा तिला बोलवत नव्हतं. एक गाठ होती ना, चौदा कुठून आल्या?

मराठीत आपण स्तनातल्या ट्यूमरलाही गाठ म्हणतो, काखेतल्या लसिकाग्रंथीलाही गाठच म्हणतो आणि ही अडचण केवळ आपल्या बोलण्याची आहे, शरीराची नाही. काखेतल्या ग्रंथी प्रत्येकाला जन्मापासून असतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ते अशाच ग्रंथींचं. स्तनाकडून येणारा लसिकाद्रव काखेतल्या ग्रंथींतून गाळला जातो, म्हणून कॅन्सरच्या पेशी तिथे पोचल्यात का हे बघायला त्या काढतात. चौदा ग्रंथी तपासल्या, बारा स्वच्छ निघाल्या, दोनमध्ये पेशी सापडल्या: '२/१४' चा अर्थ एवढाच. त्या दिवसापासून मी स्तनातलीला गाठ आणि काखेतलीला ग्रंथी असंच म्हणायचं ठरवलं आहे. आमच्या सर्जनलाही तसं सुचवलं. ते हसले, पण आता निदान चौदा 'नोड' तरी म्हणतात.

मोठा धक्का अंतिम रिपोर्टात होता. 'लसिकाग्रंथींत मेटास्टॅटिक कार्सिनोमा, २/१४.' मेटास्टॅटिक म्हणजे चौथी स्टेज, हे जावयाने तोवर शोधून ठेवलेलं होतं आणि ते सर्वसाधारणपणे चूकही नव्हतं. बोलताना 'मेटास्टॅटिक कॅन्सर' म्हटलं की दूरच्या अवयवात गेलेला, हाच अर्थ असतो. पण पॅथॉलॉजिस्ट मूळ जागा सोडून कुठेही सापडलेल्या पेशींना मेटास्टॅटिक लिहितो, मग ती जागा शेजारची काख का असेना. स्टेज तीन अक्षरांनी ठरते: टी म्हणजे गाठीचा आकार, एन म्हणजे जवळच्या ग्रंथी, एम म्हणजे दूरचा पसारा. काखेतल्या ग्रंथी एन मध्ये मोजतात. फुप्फुस, यकृत, हाडं, मेंदू अशा दूरच्या जागी गेला तरच एम.

टी, एन, एम ही पद्धत फ्रेंच सर्जन पिएर दनुआ यांनी १९४३ ते १९५२ या काळात बसवली. आज जगभर तीच चालते. बाईंच्या कागदावर होतं: पीटी२ पीएन१ए. सुरुवातीचा 'पी' म्हणजे पॅथॉलॉजी, काढलेला भाग तपासून ठरवलेलं. नुसत्या तपासणीवरून आणि स्कॅनवरून ठरवलं असतं तर तिथे 'सी' आला असता. टी२ म्हणजे गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी, पाचपर्यंत, त्यांची २.८ होती. एन१ए म्हणजे काखेतल्या एक ते तीन ग्रंथींत आणि निदान एकीत दोन मिलिमीटरपेक्षा मोठा साठा. स्कॅनमध्ये दूर कुठे पसरल्याचं दिसलं नाही, म्हणून एम०. तिघांची सांगड घातली की स्टेज २बी. या पद्धतीच्या अमेरिकी (एजेसीसी) नियमावलीच्या २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत ग्रेड, ईआर, पीआर आणि हर-टू धरूनही एक स्टेज काढतात, ती या २बी पेक्षा वेगळी येऊ शकते. दोन डॉक्टरांनी दोन स्टेज सांगितल्या तर एक चुकला असं लगेच समजू नये. कोणत्या पद्धतीने काढली ते विचारावं.

अजून एक ओळ होती जी बाईंना झोपू देत नव्हती. 'सर्वांत जवळची कडा २ मिमी.' त्यांनी त्याचा अर्थ असा लावला होता की कॅन्सर दोन मिलिमीटरवर उरलेला आहे. मी पॅथॉलॉजीतल्या एका सहकारी डॉक्टरांना विचारून त्यांना आत नेलं. काढलेला भाग प्रयोगशाळेत आला की आधी त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाला शाई लावतात. वरच्या बाजूला एक रंग, खालच्या बाजूला दुसरा, आतल्या बाजूला तिसरा. सर्जनने टोकांना टाके घालून दिशा दाखवलेल्या असतात, त्यावरून. शाई वाळली की काप घेतात. सूक्ष्मदर्शकात काचेच्या पट्टीवर त्या शाईची काळीनिळी रेघ ऊतीच्या काठाने गेलेली दिसते. पॅथॉलॉजिस्ट बघतो ते हे: कॅन्सरची एखादी पेशी त्या रेघेला टेकली आहे का? टेकली नसेल तर कडा मोकळी. बाईंच्या बाबतीत सर्वांत जवळची पेशी आणि शाई यांच्यात दोन मिलिमीटर निरोगी ऊती होती आणि ती काढलेल्या तुकड्यात होती, शरीरात नव्हे. बाईंनी डोळा लावून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "म्हणजे हे दोन मिलिमीटर माझ्या बाजूचे?" डॉक्टर म्हणाले, "हो, ही तुमच्या बाजूची मोजणी."

पुढची भाषा

'कडा मोकळ्या, गाठ गेली, मग केमोथेरपी कशाला?' हा प्रश्न घरातल्या सगळ्यांनी विचारला. कागदावर 'अॅडज्युव्हंट' लिहिलं होतं: शस्त्रक्रियेनंतर, डोळ्यांना आणि स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी कुठे असल्याच तर त्यांच्यासाठी. हेच आधी दिलं असतं तर 'निओअॅडज्युव्हंट' म्हणाले असते. त्याच चिठ्ठीत 'क्युरेटिव्ह इन्टेन्ट' असे दोन शब्द होते, म्हणजे रोग पूर्ण बरा करण्याच्या हेतूने उपचार. माझ्या मते ते पहिल्याच भेटीत मोठ्याने सांगायला हवे होते. घरच्यांना ते दिसलेच नव्हते. त्यांचं लक्ष फक्त अनोळखी शब्दांकडे जात होतं.

केमोच्या मळमळीसाठी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडे पाठवलं तेव्हा पुन्हा धावपळ झाली; पॅलिएटिव्ह म्हणजे शेवट, असं घरच्यांना वाटलं. पॅलिएटिव्ह म्हणजे त्रास कमी करणारी शाखा. ती बरं करण्याच्या उपचारांसोबत पहिल्या दिवसापासूनही असू शकते. हे समजावायला पाच मिनिटं पुरली, कारण तोवर वहीची सवय लागली होती. मुलीनेच विचारलं, "हे कोणत्या प्रश्नाचं उत्तर, ताई? 'किती पसरलं'चं नाही ना?"

फायद्याची टक्केवारी मात्र अवघड गेली. ईआर पॉझिटिव्ह रुग्णांत पाच वर्षं टॅमॉक्सिफेन ही इस्ट्रोजेनविरोधी गोळी घेतल्याने स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं आहे. बाईंची पाळी थांबलेली असल्याने त्यांना लेट्रोझोल दिलं. वेगळी गोळी, इस्ट्रोजेन तोडण्याचा उद्देश तोच. बाईंनी पुन्हा छेद मागितला. एक तृतीयांश कशाचा? मग कागदावर मांडलं: समजा, काही न करता शंभरात १५ जणींना धोका असेल, तर एक तृतीयांश कमी म्हणजे १०. शंभरात पाच जणी वाचल्या. मूळ धोका ३ असेल, तर तोच एक तृतीयांश फक्त एकीला वाचवतो. आकडे उदाहरणाचे होते, त्यांचे स्वतःचे डॉक्टरांनीच सांगायचे. पण प्रश्न काय विचारायचा ते कळलं आणि पुढच्या भेटीत त्यांनी तो विचारलाही: "माझ्यासारख्या शंभरजणींत किती?"

'पाच वर्षांचा सर्व्हायव्हल' म्हणजे पाचच वर्षं जगतात, हा समज जावयाचा होता. तो आकडा निदानानंतर पाच वर्षांनी किती टक्के लोक हयात आहेत हे सांगतो. सहाव्या वर्षी त्यांचं काय झालं याबद्दल तो काहीच बोलत नाही. शिवाय आज छापलेला आकडा काही वर्षांपूर्वी उपचार घेतलेल्यांचा असतो, त्या वेळच्या औषधांवर.

एक गोष्ट मात्र कोणत्याही वहीने सुटली नाही. छातीच्या स्कॅनमध्ये फुप्फुसात दोन बारीक ठिपके होते. 'सबसेंटिमेट्रिक, इनडिटर्मिनेट, फॉलो-अपचा सल्ला.' एक सेंटिमीटरपेक्षा लहान, कशाचे ते सांगता येत नाही. बाकी सगळीकडे 'अनरिमार्केबल' होतं, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. बाईंना वाटलं होतं की शब्द नीट समजला की त्यामागचं उत्तरही मिळेल. इथे शब्द समजला आणि उत्तर नव्हतंच. असे ठिपके अनेकांच्या स्कॅनमध्ये दिसतात, जुन्या जंतुसंसर्गाचेही असतात. ते वाढतात का, हे काळच दाखवतो. मधल्या महिन्यांत त्या चिडायच्या, ठिपक्यांबद्दल कोणी धीर दिला तर जास्तच. मीही धीर देणं सोडून दिलं. "ठाऊक नाही" हे स्पष्ट ऐकणं त्यांना सोपं जात होतं.

पुढच्या स्कॅनमध्ये ठिपके तेवढेच होते. रिपोर्टात 'स्टेबल'. रेडिएशन संपलं होतं, लेट्रोझोल सुरू होतं. त्या गोळीने हाडं विरळ होऊ शकतात म्हणून घनतेची तपासणी केली आणि कागदावर आलं: टी-स्कोअर उणे १.८. जावयाने फोन केला तो टी उणे कसा काय, म्हणून. मागून बाईंचा आवाज येत होता, "अहो, तो टी वेगळा. हा हाडांचा आहे. उणे एक ते उणे अडीचच्या मध्ये आहे, डॉक्टरांनी कॅल्शियम आणि चालायला सांगितलंय. ठेवा फोन."